पॉइंटांवर तंजावर

बडोदे

आमच्या कारेलीबागच्या सोसायटीत कुणाला रेल्वेचं तिकीट काढायचं असलं की तो माझं दार वाजवतो. हे कधी सुरू झालं ते आता आठवत नाही. कारखान्यातून निवृत्त झालो, हाताशी वेळ होता, आणि तत्काळची खिडकी उघडल्यावर न गोंधळता भराभर नावं भरता येतात, एवढीच माझी विद्या. "अंकल, मम्मीनी हरिद्वारनी टिकट करी आपो ने," असं म्हणत खालच्या मजल्यावरची मुलगी येते, वरच्या मजल्यावरचे जोशी दर दोन महिन्यांनी पुण्याला जातात, समोरच्या पटेलांना नाथद्वारा असतंच. तिकिटाचे पैसे माझ्या कार्डातून जातात, लोक ते लगेच फोनवर परत पाठवतात. कार्डावर पॉइंट मात्र माझ्या नावाने साठत राहतात. सोसायटी सगळीकडे फिरून आली. मी मुंबईपलीकडे कुठे गेलो नव्हतो.

गेल्या नोव्हेंबरात बँकेचा निरोप आला की जुने पॉइंट वापरले नाहीत तर बाद होतील. या कार्डावर पॉइंट देऊन रेल्वेचं तिकीट घेता येतं. मी हिशेब करून पाहिला. एकट्याने वातानुकूलित डब्यातून जाऊन येता येईल, किंवा दोघांना साध्या स्लीपरने देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत.

"एसीत मला स्वेटर घालून बसावं लागतं," सुलभा म्हणाली. सुलभा माझी पत्नी. तिचं माहेर जुन्या शहरातल्या घडियाळी पोळातलं, पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, आणि निर्णय पटकन घेण्याची सवय तिकडूनच आली असावी. "स्लीपरने जाऊ. खिडकी तरी उघडता येते. कुठे जायचं बोला."

मी म्हणालो, "तंजावर."

"तिथे काय?"

"मोठं देऊळ आहे. आणि पंचू आहे."

पंचू म्हणजे पंचनद राव. तंजावरचा मराठी. त्याचे पूर्वज मराठी राजांबरोबर तिकडे गेले ते तिथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. आम्ही बडोद्याचे लोक घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती, त्यामुळे कारखान्यात पहिल्याच दिवशी आमचं जमलं. सात वर्षं आम्ही एका पाळीत काम केलं. मग एक अपघात झाला, चौकशी झाली, आणि पंचू नोकरी सोडून गावी गेला. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. या काळात मी त्याला एक ओळ लिहिली नव्हती.

पॉइंटांचा निरोप आला त्याच आठवड्यात कुणीतरी जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात त्याला ओढून आणलं होतं. त्याने लिहिलं होतं, "सर्वांस नमस्कार. मी पंचनद. आम्ही इथं घरगुती मेस चालवतों." बाकीच्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मी दोन दिवस तो निरोप उघडून बघत होतो. जायला खर्च होतो, रजा नाही, मुलीची परीक्षा आहे, अशी कारणं माझ्याकडे वर्षानुवर्षं होती. आता निवृत्तीही झाली होती, मुलगीही लग्न होऊन गेली होती आणि तिकीटही फुकट होतं. कारण उरलं नाही.

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "या. दोघं या. जेवायला आमच्याकडे."

नंदुरबार ते वर्धा

गाडी सकाळची होती. बडोद्याहून चेन्नईपर्यंत दीड दिवस. सुलभाने मेथीची ढेबरी, लीलो चेवडो आणि कोरडी बटाट्याची भाजी इतकी घेतली होती की सामान ठेवायला दोन फेऱ्या कराव्या लागल्या.

पहिला घोटाळा सुरत सोडल्यावर लगेच कळला. तिकीट तपासनीस यंत्राकडे पाहत म्हणाला, "सुलभा, पुरुष, अठ्ठावन्न. कुठे आहेत?"

सुलभाने मान वर केली. "मीच."

तपासनीस माझ्याकडे पाहू लागला. हजारो तिकिटं लोकांसाठी बिनचूक काढणाऱ्या माणसाने बायकोच्या नावापुढचा रकाना चुकवला होता. तो हसला, ओळखपत्र पाहिलं आणि पुढे गेला. पण समोरच्या बाकावरच्या बाई पुढचा दीड दिवस सुलभाला "भाईसाब" म्हणत होत्या. त्या चेन्नईच्या निवृत्त परिचारिका, सुरतेला लेकीकडे येऊन परत चाललेल्या. त्यांनी स्टीलच्या डब्यातून चिंचेचा भात काढला आणि आमच्या ढेबऱ्यांशी अदलाबदल केली. ढेबरं हातात धरून त्यांनी विचारलं, "इसमें चीनी क्यों है?" सुलभाने सांगितलं की आमच्याकडे वरणातही गूळ असतो. बाईंनी भाताचा डबा थोडा स्वतःकडे ओढून घेतला.

स्लीपरचा डबा हा बैठकीच्या खोलीसारखा असतो, हे मी विसरलो होतो. नंदुरबारपर्यंत आमच्या सहा जागांवर नऊ माणसं बसली होती आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. खिडकीतून तापीचं पात्र दिसलं, मग केळीच्या बागा सुरू झाल्या. माझे वडील याच भागातून बडोद्याला रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला आले होते. जळगावच्या फलाटावर मी खाली उतरलो, भरीत मिळतंय का पाहिलं, ते नव्हतं, केळी घेऊन वर आलो. वडिलांच्या गावाकडच्या फलाटावर उभं राहून काही वाटेल अशी अपेक्षा होती. केळी चांगली होती.

अकोल्यानंतर डबा रिकामा झाला. परिचारिकाबाई वरच्या बाकावर जाऊन झोपल्या. बाहेर कापसाची शेतं होती आणि ऊन तिरपं झालं होतं. सुलभा म्हणाली, "तुम्ही पंचूभाऊंना काय सांगणार आहात?"

"म्हणजे?"

"अठ्ठावीस वर्षांत पत्र नाही, आणि आता एकदम दोन हजार किलोमीटर. सकाळपासून तुम्ही तीनदा चहा घेतलात आणि तिन्ही वेळा अर्धा टाकलात."

मग मी तिला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

त्या दिवशी आमची दुपारची पाळी होती. एका नळीचा जोड गळत होता. तो सोडवायला छगनभाई नावाचा कंत्राटी फिटर आला होता. जोड सोडवण्याआधी वरचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा असतो आणि मग काम सुरू करायचा परवाना लिहून द्यायचा. परवाना लिहिणं पंचूचं काम होतं, व्हॉल्व्ह बंद करणं माझं. पंचूने कागदावर व्हॉल्व्हचा नंबर लिहिला आणि मला हाक मारून विचारलं, "बंद केलास?" मी चहा पीत होतो. पाच मिनिटांत जाणारच होतो. मी म्हणालो, "केला."

पंचूने सही केली. छगनभाईने जोड सोडवला आणि उकळतं पाणी त्याच्या डाव्या पायावर आलं.

ओरडा झाला. सगळे त्याच्याकडे धावले. मी व्हॉल्व्हकडे धावलो आणि तो बंद केला.

"चौकशीला माणसं आली तेव्हा व्हॉल्व्ह बंदच होता," मी म्हणालो. "शेजारी तसाच दुसरा व्हॉल्व्ह होता, तो उघडा होता. कुठली नळी कुठे जाते ते न तपासता त्यांनी ठरवलं की पाणी त्यातून आलं, म्हणजे परवान्यावर नंबर चुकीचा लिहिला गेला. पंचूने ते मान्य केलं. म्हणाला, सही माझी आहे. मला कुणी काही विचारलं नाही."

सुलभा खिडकीबाहेर पाहत होती. तशीच म्हणाली, "तेव्हा का नाही बोललात?"

"तुला सातवा महिना होता. माझी नोकरी..."

"माझ्यावर ढकलू नका," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सांगून या. म्हणून तर विचारलं नाहीत."

मी म्हणालो, "पंचूला माहीत होतं. मी 'केला' म्हटलेलं त्याला आठवत असणारच. त्याने मला वाचवलं. त्याचे आभार मानायचे राहिलेत."

"आभार," सुलभा म्हणाली, आणि उरलेली केळी पिशवीत भरू लागली. वर्ध्याला तिने खाली उतरून दोन चहा आणले, एक माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "हा पूर्ण प्या."

विजयवाडा, चेन्नई

सकाळी जाग आली तेव्हा भाषा बदलली होती. फलाटावर केळीच्या पानावर इडली मिळत होती आणि ऊन डिसेंबरातही चटका देणारं होतं. कृष्णेच्या पुलावरून गाडी फार सावकाश गेली. त्या पुलाआधीच, डब्याच्या दारात उभं राहून नदी दिसते का पाहण्याच्या नादात, सुलभाची डावी चप्पल खाली रुळांवर पडली. तिने क्षणभर विचार केला आणि उजवीही टाकून दिली. "कुणाला मिळाली तर जोडी मिळू दे," असं म्हणत ती माझ्या न्हाणीघरातल्या रबरी सपाता घालून दुपारी चेन्नईला उतरली.

परिचारिकाबाईंनी फलाटावर तिला मिठी मारली आणि म्हणाल्या, "भाईसाब, अपना खयाल रखना." आम्ही एग्मोरजवळ एका लॉजमध्ये राहिलो. चेन्नईबद्दल मी फारसं सांगू शकत नाही. आम्ही चपला घेतल्या, एका खानावळीत रस्समभात जेवलो आणि झोपलो. तिथे ताकाचं भांडं न मागता पुन्हा पुन्हा येतं. आमच्याकडे ताकाला छास म्हणतात आणि दुसऱ्यांदा मागितली तर वाढपी ऐकू न आल्यासारखं करतो.

तंजावर, पहिला दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तंजावरला निघालो. हे तिकीटही पॉइंटांवरचं. कुंभकोणम येईपर्यंत दोन्ही बाजूंना भातखाचरं, मधून कालवे, बगळे, आणि दर चार मैलांवर एक गोपुर. गुजरातेतल्या माणसाला इतकं हिरवं पाहून थोडा संशय येतो.

पंचू स्टेशनवर आला होता. केस पूर्ण पांढरे, पांढरी लुंगी, कपाळाला भस्म. मला वाटलं होतं ओळखायला वेळ लागेल. लागला नाही. त्याने माझी पिशवी घेतली आणि म्हणाला, "तुम्हे येणार म्हणून आज वांग्याची रसवांगी केली आहे." तंजावरचे मराठी 'तुम्ही'ला 'तुम्हे' म्हणतात. त्यांच्या मराठीत मध्येच एखादा शब्द असा येतो की वाटतं पोथीतून उठून आला, आणि पुढचाच शब्द तमिळ असतो. आमची मराठी ऐकून त्यांनाही असंच वाटत असणार. सुलभा "चालो" म्हणाली तेव्हा पंचू रस्त्यात थांबून हसला. "किती वर्षांनी ऐकलं हे चालो!"

"रिक्षा करायची का?" मी विचारलं.

"घर जवळ आहे. मी पायीच हिंडतों. गाडी चालवत नाही."

कारखान्यात असताना त्याच्याकडे मोटारसायकल होती आणि तो ती फार जोरात चालवायचा.

घर एका अरुंद गल्लीत होतं. तमिळ पंचांगातला मार्गळी महिना असल्यामुळे प्रत्येक दारासमोर हातभर मोठ्या रांगोळ्या होत्या, मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. पुढच्या खोलीत चार लांब बाकं, तीच मेस. कॉलेजात शिकणारी तीस-चाळीस मुलं तिथे दोन वेळ जेवतात. पंचूची बायको रुक्मिणीबाई चुलीमागून आली, सुलभाचे दोन्ही हात धरले आणि तिला थेट आत घेऊन गेली.

जेवण पानावर. रसवांगी म्हणजे डाळीत शिजवलेलं वांगं, वर खोबरं. डांगर पच्चडी नावाचं उडदाच्या पिठाचं दह्यातलं तोंडीलावणं, जे आमच्याकडच्या डांगराचंच भावंड आहे. आणि पोळी म्हटल्यावर आली ती पुरणपोळी. साधी चपाती हवी असेल तर चपाती म्हणावं लागतं.

जेवताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पंचू मधूनच उठायचा, शेगडीपाशी जायचा, गॅसचं बटण फिरवून पाहायचा आणि बायकोला विचारायचा, "बंद?" ती न बघता म्हणायची, "बंद." तो परत येऊन बसायचा. पाऊण तासात असं चार वेळा झालं.

दुपारी आम्ही पुढच्या खोलीत बसलो. पितळी वाटीत कॉफी आली. रुक्मिणीबाई आणि सुलभा दारातच कढीपत्ता निवडत बसल्या होत्या. पंचूने पहिला प्रश्न विचारला तो असा: "छगनभाईचा पाय कसा आहे?"

"लंगडतो थोडा," मी म्हणालो. "छाणीच्या बाजूला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं." मला एवढं ठाऊक होतं, कारण त्या रस्त्याने जायचं मी टाळत असे.

"दुकान आहे. म्हणजे उभं राहता येतं," पंचू म्हणाला. हे तो स्वतःशीच म्हणाला.

मी म्हणालो, "पंचू, त्या दिवशी तू मला वाचवलंस. मी कधी बोललो नाही. पण मला माहीत होतं की तुला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"व्हॉल्व्हचं. मी बंद केला नव्हता. तू विचारलंस आणि मी नुसतं केला म्हणालो. तू हे चौकशीत बोलला नाहीस."

पंचू माझ्याकडे पाहत राहिला. त्याने हातातली वाटी खाली ठेवली, ती बाकाच्या कडेला लागून कलंडली, कॉफी लुंगीवर सांडली. त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही.

"व्हॉल्व्ह बंद होता," तो म्हणाला. "मी स्वतः जाऊन बघितला होता. नंतर."

"नंतर मी बंद केला. सगळे छगनभाईकडे धावले तेव्हा."

तेव्हा मला कळलं की अठ्ठावीस वर्षं मी एक सोयीची गोष्ट धरून बसलो होतो. या माणसाला काहीच माहीत नव्हतं. त्याने मला वाचवलं नव्हतं. नंबर आपणच चुकीचा लिहिला, असं त्याला खरोखर वाटत होतं.

"नंबर बरोबर होता?" त्याने विचारलं.

"बरोबर होता."

त्याने दोनदा मान हलवली. मग उठला, पायात वहाणा घातल्या आणि बाहेर निघून गेला. गल्लीत तो कुठे वळला ते मी पाहिलं नाही.

रुक्मिणीबाईंच्या हातातला कढीपत्ता तसाच होता. त्या माझ्याकडे पाहून, अगदी सावकाश, एकेक शब्द निवडत बोलल्या. "बडोद्याहून आल्यावर लग्न झालं, तेव्हापासून बघते मी. हे स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत. गॅस मला विचारतात. कुलूप मला विचारतात. औषधाच्या बाटलीवरचं नाव मला वाचायला लावतात. गाडी सोडली. चांगल्या नोकऱ्या आल्या, सही करायची नोकरी नको म्हणाले. आम्हे समजलों स्वभाव आहे." त्या थांबल्या. "स्वभाव नव्हता तर."

सुलभा त्यांच्या शेजारून उठली नाही. दोघींनी मिळून तो कढीपत्ता निवडून संपवला.

संध्याकाळी मुलं जेवायला आली तेव्हा पंचू परतला. त्याने सगळ्यांना वाढलं, आमच्याकडे पाहिलं नाही. आम्ही स्टेशनजवळच्या लॉजवर जायला निघालो. मी दारातून म्हणालो, "येतो." तो सांबाराची बादली घेऊन पाठमोरा उभा होता.

"उद्या देऊळ बघायचं ठरलं आहे," तो न वळता म्हणाला. "सात वाजता येतों."

तंजावर, दुसरा दिवस

तो सातला पाच मिनिटं असताना आला. देवळापर्यंत तो आणि सुलभा पुढे, मी मागे.

मोठं देऊळ खरोखर मोठं आहे. त्याचं वर्णन इतरांनी केलं आहे. मला आवडलं ते त्याचं अंगण. इतकी मोकळी दगडी जागा की माणसं त्यात सुटी सुटी दिसतात, आवाज वर जातो आणि पायाखालचा दगड सकाळी गार असतो. नंदीसमोर शाळेच्या मुलींची रांग होती. मागच्या बाजूच्या भिंतीवर पंचूने आम्हाला एक शिलालेख दाखवला. बाकी सगळ्या भिंतींवर तमिळ अक्षरं, आणि इथे अचानक नागरीत मराठी, भिंत संपेपर्यंत. राजांची वंशावळ, लढाया, कोण कुठून आला. सुलभा बोट न लावता एकेक ओळ वाचू लागली आणि वाचत वाचत लांब गेली. तिने ते मुद्दाम केलं असं मला आजही वाटतं.

पंचू ओवरीच्या पायरीवर बसला. मीही बसलो, हातभर अंतर ठेवून.

"दोन वर्षं मी ती जागा कागदावर काढत होतों," तो म्हणाला. "हा व्हॉल्व्ह, तो व्हॉल्व्ह. डोळे मिटून नंबर वाचायचा. दर वेळी बरोबर वाचायचों. मग वाटायचं, म्हणजे माझं डोकं मला फसवतं. तेव्हा फसवलं तसं आताही फसवतं." तो थोडा थांबला. "तू एक पत्र टाकलं असतंस तर पुरलं असतं. नाव न घालता टाकलं असतंस तरी चाललं असतं. नंबर बरोबर होता, एवढंच."

"हो," मी म्हणालो.

"मला तुझा राग आला आहे. काल मी कालव्यापर्यंत गेलों आणि तिथं मोठ्याने तुला शिव्या दिल्या. गुजरातीत. तमिळमध्ये तुझ्यासाठी शिव्या सापडल्या नाहीत."

माफी मी मागितली, आणि ती त्याने ऐकून घेतली, एवढंच मला सांगता येईल. त्याने ती घेतली की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"माझं राहू दे," तो शेवटी म्हणाला. "पाय माझा भाजला नाही. तू छगनभाईला सांगितलंस?"

"नाही."

"मग अजून तू आलाच नाहीस," तो म्हणाला आणि उठला.

दुपारी रुक्मिणीबाईंनी परतीच्या प्रवासासाठी लिंबाचा भात बांधून दिला. तो त्यांनी सुलभाच्या हातात दिला, माझ्या नाही. पंचू स्टेशनवर आला. गाडी हलताना त्याने सुलभाला नमस्कार केला आणि मला म्हणाला, "पोचल्यावर कळव." हे लोक सगळ्यांनाच म्हणतात. तरीही मी ते धरून ठेवलं.

बडोदे, छाणीचा रस्ता

परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वरचा बाक मिळाला आणि मी बहुतेक वेळ तिथेच पडून होतो.

घरी आल्यावर सामानही न उघडता मी स्कूटरची किल्ली घेतली. सुलभा म्हणाली, "मी येते." मी नको म्हणालो. ती मागे बसली.

छगनभाईचं दुकान म्हणजे एका भिंतीला टेकवलेली पत्र्याची टपरी. तो पाटावर बसून पाण्याच्या परातीत ट्यूब बुडवून पाहत होता. डावा पाय सरळ पुढे पसरलेला. मला पाहून त्याने परात बाजूला केली. "ओहो, साहेब! केटला वर्षे! बेसो, बेसो."

मी बसलो नाही. गुजरातीत, उभ्यानेच, सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, चहा, "केला" म्हणणं, नंतर धावणं. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

छगनभाईने हात फडक्याला पुसले.

"मने तो ते ज दहाडे खबर हती," तो म्हणाला. "हुं नीचे पड्यो हतो. बधा मारी बाजू दोडता हता, तमे एकला ऊंधी बाजू. व्हॉल्व्ह बंध करता में तमने जोया हता."

त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. खाली पडल्या पडल्या त्याने मला उलट्या दिशेला धावताना पाहिलं होतं.

"मग चौकशीत का नाही सांगितलंस?" माझ्या तोंडून मराठीतच निघालं.

त्याला ते समजलं. "कोईए मने पूछ्युं ज नहीं," तो म्हणाला. "इस्पितळात फळं घेऊन आले. साहेब लोक हता. पूछ्युं कोईए नहीं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. ट्यूब कुठे फुटली आहे ते सांगावं, तसं तो सांगत होता.

मग माझ्या मनात आलं की मीही कधी विचारलं नव्हतं. त्याला काय दिसलं, हे अठ्ठावीस वर्षांत एकाही माणसाने त्याला विचारलं नव्हतं.

"पंचूभाईंना वाटत होतं, चूक त्यांची," सुलभा म्हणाली. "आजपर्यंत."

छगनभाई चमकला. हे मात्र त्याला माहीत नव्हतं. "पंचुभाईने? एमनो शुं वांक?" त्यांचा काय दोष, असं तो विचारत होता. त्याला वाटलं होतं, पंचू कंटाळून गावी गेला. त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "फोन लगाडो."

मी फोन लावला आणि आवाज मोठा केला. तंजावरला मुलं जेवत असावीत, मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"हॅलो," पंचू म्हणाला.

"पंचुभाई, छगन बोलुं छुं."

पलीकडे भांडी वाजत राहिली. मग अडखळत, गंजलेल्या गुजरातीत पायाचाच प्रश्न आला, "छगनभाई... पग केम छे?"

"पग तो आ रह्यो. चाले छे. तमे मारी वात सांभळो." छगनभाई फोनच्या अगदी जवळ वाकला. "भूल तमारी नहोती. में नजरे जोयुं छे. तमारी नहोती." चूक पंचूची नव्हती, आपण डोळ्यांनी पाहिलं, असं तो सांगत होता.

रस्त्याने एक ट्रक गेला. मला वाटलं, फोन कटला. मग पंचू मराठीत, मला उद्देशून म्हणाला, "त्याला सांग, पुन्हा एकदा म्हण."

मी सांगितलं. छगनभाईने पुन्हा म्हटलं.